निळीतलं वऱ्हाड

...आन् वर मलाच म्हणत्यात, "ज्ञानदेवा, तुझ्या मशीननं घात केला!" माझ्या मशीननं? अवो, मशीन तर बंद व्हतं! बंद मशीनवर आळ घेणारी माणसं कुठं बघितलीत का तुम्ही? या की मग आमच्या कासुर्डीला, रांगेनं उभी करून दावतो. पयली आमची आय उभी राहील, तिच्यामागं बायको, आन् बायकोमागं आमचं चुलतभाऊ आण्णा, ज्यांचा त्या सगळ्यात फक्त एक लेंगा आन् एक सदरा व्हता, पण बोलणं मात्र अख्ख्या कापडदुकानाचं!

तुम्हाला सांगतो, मशीनचा काय दोष न्हाई. माझा तर न्हाईच न्हाई. दोष असंल तर तो आमच्या इवायाचा, सुनंच्या बापाचा, हौसरावांचा. माणूस वाईट न्हाई हां, सोन्यासारखा माणूस. पण स्वच्छ! इतका स्वच्छ माणूस मी उभ्या जन्मात बघितला न्हाई, आन् पुन्यांदा बघायची इच्छाबी न्हाई. दौंडला रेल्वेत गार्ड. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात उभं राहून अख्ख्या जिल्ह्याची धूळ खाणारा माणूस, पण डब्यातनं उतरला की बघा, पांढऱ्या ड्रेसवर डाग सापडला तर बक्षीस लावा!

त्यांची पोरगी करुणा आमच्या पोराला, सम्राटला, दाखवली. पोरगी बालवाडीला शिकवती, बोलायला गोड, हसायला मोकळी. आता पोराला पसंत पडली हे मला कसं कळलं? लोकांची पोरं अशा वेळी जेवण सोडत्यात. आमचं पोरगं दोन भाकरी जास्ती खायला लागलं! मी म्हणलं, झालं, हे गेलं कामातनं. आता राह्यलं काय, तर मुलीचा बाप घर बघायला येणार. आला. दारात चप्पल काढली, जोडीनं लावली. बाजूला माझी वाकडी पडली व्हती, तीबी सरळ केली. मी म्हणलं, "जयभीम पावणं, या, बसा." तर म्हणतो कसा, "जयभीम. साबण कुठाय?"

साबण! पाणी न्हाई, चहा न्हाई, पोरगा कुठाय न्हाई... साबण! आता आमच्या मोरीत साबण नव्हता असं न्हाई. व्हता. पण कसा, की जुन्या साबणाची चकती नव्या साबणाच्या पाठीवर चिकटवलेली, आन् त्या चकतीच्या पाठीवर तिच्या आधीची. तीन पिढ्या एकत्र नांदत व्हत्या! हौसरावांनी तो उचलला, उजेडात धरला. आन् मग जे हात धुवायला लागले... तळवा झाला, पंजा झाला, बोटांच्या बेचक्या झाल्या, नखं झाली, मनगट झालं, मी तांब्या धरून उभा. तांब्या संपला. कळशी संपली. मी मनात म्हणलं, ह्यो माणूस कोपऱ्यावर थांबतो का खांद्यापत्तूर जातो? कोपऱ्यावर थांबला बघा एकदाचा. मी आपला खांद्यावरचा टॉवेल पुढं केला. त्यानं टॉवेलाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आन् दोन्ही हात हवेत धरून तसाच उभा राह्यला, वाळस्तवर.

तेवढ्यात आमची माया, म्हंजी माझी बायको, पाण्याचा तांब्या घेऊन आली. तर हा विचारतो, "ताई, पाणी ओगराळ्यानं काढलं का बोटं बुडवून?" माया म्हणली, "ओगराळ्यानं की!" आन् ओगराळं बिचारं फळीवर, कोळ्याच्या जाळ्यात, कवाचं झोपलेलं! मी आशा सोडली. म्हणलं, सम्राटा, दोन भाकरी कमी कर आता.

पण तुम्हाला सांगतो, हौसराव उठले आन् सरळ मागच्या दाराला गेले. तिथं दोरीवर आमच्या आयनं धुतलेलं कपडं वाळत व्हतं. माझा कंपनीचा पांढरा सदरा, आमच्या दादांचं, म्हंजी वडलांचं, जुनं धोतर, आयचं विहारात नेसायचं पातळ. माणूस जागच्या जागी थांबला. जवळ गेला. माझ्या सदऱ्याची कॉलर उलटी केली, बोटानं चोळली, नाकाला लावली. "हे कुणी धुतलं?"

आमची आय, सोजरबाई तिचं नाव, ती काय कुणाला भितीय? ती आतनंच ओरडली, "म्या! का? काय राह्यलं का त्यात?"

हौसराव म्हणाले, "ज्ञानदेवराव, पावणं येणार म्हणून माणूस भिंती रंगवतो, भांडी घासतो, जाळी काढतो..." इथं त्यांनी फळीकडं एकदा बघितलं बरं का... "पण दोरी खोटं बोलत न्हाई. घर कळतं ते दोरीवर. मुलगी दिली!"

आता बोला! पोराची नोकरी विचारली न्हाई, शेत विचारलं न्हाई. कॉलर बघून मुलगी दिली! वर म्हणाले, "हुंडा न्हाई, मानपान न्हाई, आहेर न्हाई. माझी एकच अट. वऱ्हाड सगळं पांढऱ्यात आलं पायजे. लहानथोर, बाया-माणसं, झाडून सगळी. आन् पांढरं म्हंजी पांढरं! दुधाळ न्हाई, पिवळट न्हाई, मोतीकलर न्हाई. पांढरं म्हंजी पांढरं!"

मला वाटलं, सुटलो. किती स्वस्तात सुटलो! गाढव मी.

आता आयचं सांगतो, कारण ते कळल्याबिगर पुढचं कळायचं न्हाई. आमच्या आयला धुण्याचा नाद न्हाई, तिला धुण्याचा स्वाभिमान हाय. ती लहान व्हती तवा गावात लोक आपल्या वस्तीतल्या माणसाला बघून अंग चोरायचं. आन् तिच्या आईनं बाबासाहेबांचा शब्द ऐकला व्हता, की नीट राहा, स्वच्छ राहा. मग काय, आमच्या आयनं जन्मभर दुसऱ्याच्या शेतात खुरपलं, पण विहारात जाताना पातळ असं पांढरं की बघणाऱ्याचं डोळं दिपावं. ती म्हणायची, "ज्ञानू, आपल्या अंगाकडं कुणी बोट दावलं तर बोट दावणाऱ्याचंच नख काळं दिसलं पायजे!" मला त्याचा लई अभिमान वाटतो, खरं सांगतो. कंपनीत माझा सदरा बघून सायब विचारायचा, लाँड्रीत देतो का रे? मी म्हणायचो, व्हय, आमची घरचीच लाँड्री हाय, फक्त ती शिव्या देती.

आन् अशा बाईच्या घरात मी मशीन आणलं.

का आणलं? अवो, सून येणार! शिकलेली सून दगडावर कपडं आपटणार का? कंपनीच्या सोसायटीतनं मशीन आणलं, दोन पेट्यांचं, एकीत धुवायचं, दुसरीत पिळायचं. आख्ख्या वस्तीतलं पयलं मशीन. लोक बघायला आली, शेजारच्या कुशाबाईनं तर हळदकुंकवागत वाकून नमस्कार केला. पण आय दारात बसून म्हणती, "त्येला डोळं हायत का?"

मी म्हणलं, "कुणाला?"

"त्या डब्याला. मळ कॉलरीला असतो, भायीच्या कडंला असतो. त्येला कसं दिसतं कुठं घासायचं? ते सगळ्यास्नी सारखंच गरागरा फिरवतंय. ज्यानं पाप केलं त्येला बी आन् ज्यानं न्हाई केलं त्येला बी!"

मी विषय बदलला. मी कुरकुंभच्या बाजूला कंपनीत मशीनवर असतो, मला मशीनचं शास्त्र माहीत. कंपनीत आम्हाला पयल्या दिवशी काय शिकवलं? चालू मशीनमधी हात घालायचा न्हाई. सायकल पुरी झाल्याबिगर झाकण उघडायचं न्हाई. लाईट गेली तरी उघडायचं न्हाई, लाईट कवाबी येती, बोटं परत येत न्हाईत! तेच मी घरात सांगितलं. एकदा, दोनदा, दहांदा. आयला तर खास सांगितलं, कारण ती चुलीत हात घालणारी बाई, मशीनला काय भिणार?

आता लग्नाच्या आदल्या दिवसाकडं या. लग्न दौंडला, मुलीकडं. वस्तीतल्या समद्यांनी आपापलं पांढरं आमच्याकडं आणून टाकलं. "मशीनमधनं काढून द्या की ज्ञानदेव!" जणू मी गिरणी टाकलीय, दळण आणून ठेवत्यात! आण्णांचा लेंगा-सदरा, कुशाबाईचं पातळ, पोरासोरांचं शर्ट, आन् वर सम्राटचा नवरदेवाचा ड्रेस, नवा कोरा, पण आय म्हणली, "नव्याला बी एकदा निळ पायजे. निळीबिगर पांढरं म्हंजी मिठाबिगर कालवण." सकाळी लाईट व्हती, मायानं सगळं पाळीपाळीनं धुऊन काढलं. राह्यली निळ.

आन् निळीला हात लावायचा हक्क घरात एकच. सोजरबाईचा!

तुम्हाला सांगतो, आमच्या आयची निळ म्हंजी पुरचुंडीतली. चिंधीत भुकटी बांधायची, बादलीत हलवायची, पाणी आभाळागत झालं की बास. माप बाटलीवर न्हाई, डोळ्यात. पण सून येणार म्हणून मी निळबी नवी आणली, पातळ, बाटलीतली. आन् हिनं ती बादलीत टाकायची सोडून टाकली कुठं? मशीनमधी! का? तर म्हणती, "एवढं आणलंय तर त्येला बी जरा काम करू दे." कपडं सगळं एकदम कोंबलं. आता साबण नीट निघाला नव्हता, वर हा फेस! फेसाखाली पाणी दिसंना. पाणी दिसंना म्हणून रंग दिसंना. रंग दिसंना म्हणून आय ओततीय. "अजून आभाळ झालं न्हाई... अजून न्हाई... अजून न्हाई..." बाटली संपली. ही म्हणती, "शहरातली निळ लई पुचाट!" आन् झाकण लावून बटण फिरवलं.

आन् त्याच टायमाला मी दारातनं आत डोकावलो. मला यवतला जायचं, टेम्पो ठरवायचा, फुलं सांगायची, मला कुठं वेळ? मी नुसतं आवाज ऐकला, मशीन फिरतंय म्हणलं, आन् ओरडून सांगितलं, "आय! मी आल्याबिगर झाकण उघडायचं न्हाई! हात लावायचा न्हाई!"

माझ्या आयनं मी जन्माला आल्यापासून माझं एक ऐकलं न्हाई. शाळेत घाल म्हणलं, ऊस तोडायला नेलं. ऊस तोडतो म्हणलं, शाळेत घातलं. ते सोडा. पण त्या दिवशी! नेमकं त्या दिवशी तिला राग आला, आन् रागानं ती म्हणली, "बरं! न्हाई उघडत!"

आन् लाईट गेली.

आता आमच्याकडं लाईट कशी, तुम्हाला काय सांगायला पायजे का? लाईट गेली तर कुणी विचारायचं न्हाई कुठं गेली. लाईट आली तर पोरं टाळ्या वाजवत्यात. मशीन थांबलं. माया पळत आली, "आत्या, कपडं काढा, निळीत बसत्यात!" तर आमची आय मशीनम्होरं पाट टाकून बसली, हातात केरसुणी. "ज्ञानूनं सांगितलंय. हात लावायचा न्हाई."

"अवो पण आत्या, निळ..."

"कंपनीतला माणूस हाय त्यो. त्येला मशीनचं शास्त्र माहीत हाय. बोटं परत येत न्हाईत!"

माझंच वाक्य! माझ्यावरच! दुपार झाली, आय हलली न्हाई. जेवण तिथंच केलं. मायानं लांबनं विनवणी केली, कुशाबाई येऊन गेली, आण्णा म्हणलं, "काकी, निदान माझा लेंगा तरी..." तर केरसुणी उगारली! आन् मी तिकडं यवतला, टेम्पोवाल्याबरोबर चहा पितोय, आनंदात, म्हणतोय आमच्याकडं काय काळजी न्हाई, मशीन हाय.

दिवे लागणीला घरी आलो. मी आन् लाईट संगटच आलो बघा. मशीननं एक घरघर केली आन् सायकल पुरी झाली. मी झाकण उघडलं.

...काय सांगू तुम्हाला.

फेस बसला व्हता. आन् आत... आयनं हात घातला, पयला सम्राटचा सदरा वर काढला. निळा! फिकट न्हाई, बिकट न्हाई. निळा! मागनं धोतर निळं, पातळ निळं, आण्णांचा लेंगा तर असा निळा की त्यात मासं सोडावंत! मला वाटलं, आता आय ओरडणार, मला शिव्या देणार, मशीनला केरसुणीनं बडवणार. मी तयारीत व्हतो. पण ती ओरडलीच न्हाई. तो सदरा दोन्ही हातात धरून नुसती बघत बसली. तिचं हात कोपरापत्तूर निळं. हळूच म्हणली, "ज्ञानू, माझ्या धुण्यावर पोरगी दिली रं त्यांनी."

मला लई वाईट वाटलं. हसताय तुम्ही, हसा, पण आमची आय हळू बोललेली मी पयल्यांदाच ऐकली.

मग काय, मोटार लावली, टाकी भरली, वस्तीतल्या बाया जमल्या, दगडावर धुतलं, लिंबू चोळलं, ज्यानं जे सांगितलं ते केलं. गडद निळ्याचं मध्यम निळं झालं. आन् तिथं अडलं! सकाळी दोरीवर बघतो तर काय, आख्खी दोरी निळी. आण्णा म्हणलं, "आपण रंगीत घालून जाऊ." मी म्हणलं, "आण्णा, त्यांची अट ठाऊक हाय ना? पांढरं म्हंजी पांढरं!" नवं घ्यावं म्हणलं तर एवढ्या वऱ्हाडाच्या मापाचं पांढरं कुठं मिळतंय त्या घाईत? सगळी माझ्या तोंडाकडं बघत्यात. सम्राट तर भाकरीबी खाईना, तवा मला खरी भीती वाटली.

शेवटी आय उठली. म्हणली, "घाला हेच. निळं हाय, मळकं न्हाई."

घातलं! निघालो. टेम्पोत बसलो सगळी. मे महिना, ऊन असलं, पाटसच्या पुढं गेलो आन् घाम सुटला. आन् घाम सुटला तसा, तुम्हाला सांगतो, रंग सुटला! आण्णा माझ्या खांद्याला टेकून झोपलं व्हतं, ते उठलं तर त्यांचा गाल निळा. कुशाबाईनं पदरानं तोंड पुसलं, तोंड निळं. माझ्या मानंवर बघून माया म्हणती, "अवो, हलू नका! वाळू द्या!" नवऱ्याला बायको हलू नको म्हणती, पापडागत वाळू द्या म्हणती!

दौंडात मांडवापाशी उतरलो. आन् समोर हौसराव. काय दिसत व्हता माणूस! पांढरा लेंगा, पांढरा सदरा, डोक्याला पांढरी टोपी, उन्हात बघवंना. त्यांच्यामागं त्यांची सगळी मंडळी, पांढरी म्हंजी पांढरी! आन् इकडं आम्ही... टेम्पोतनं एकेक निळा माणूस उतरतोय. वाजंत्री थांबली. एक पोरगं म्हणलं, "आई, रंगपंचमी कवा झाली?"

हौसराव बघतच राह्यले. मी मनातल्या मनात भाषण तयार केलं व्हतं, की पावणं, त्याचं काय झालं, लाईट... पण ते सगळं राह्यलं बाजूला. कारण हौसरावांनी रिवाजापरमाणं हात पसरलं. व्याहीभेट! आधी भेटायचं, मग बोलायचं! मी लांबनं हात जोडलं, "जयभीम!" ते पुढं आले. मी एक पाऊल मागं. ते पुढं, मी मागं. ते म्हणाले, "अवो भेटा की!" मी म्हणलं, "असू द्या असू द्या, नंतर भेटू!" लोक म्हणायला लागली, मुलाचा बाप रुसला वाटतं, काय मागतोय काय? आता एवढं ऐकल्यावर काय करता? डोळं मिटलं आन् घातली मिठी!

सुटलो तवा बघितलं. त्यांच्या पांढऱ्याशुभ्र छातीवर माझं पोट. आख्खं पोट, बटनांसकट, निळं, छापून निघाल्यागत!

हौसरावांनी खाली बघितलं. टोपी सारखी केली. आन् रेल्वेच्या आवाजात विचारलं, "निळ कुणी घातली?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात आमची आय माझ्या म्होरं. "म्या. माझ्या हातानं. पोराला बोलू नका, ज्ञानूला बोलू नका. मशीनला काय ते बोला." आन् पुढं म्हणती कशी, "सदरा काढा पावणं, धुऊन देते."

भर मांडवात! मुलीच्या बापाला! मी म्हणलं, मोडलं लग्न. एका निळीच्या बाटलीपायी मोडलं.

हौसराव तिच्या हाताकडं बघत व्हते. कोपरापत्तूर निळं हात, सुरकुत्यांत तर रंग असा बसलेला की निघायचा न्हाई. बघता बघता त्या माणसाचा चेहरा बदलला. हळू आवाजात म्हणाले, "मावशी, माझ्या आयचं हात बी असंच असायचं. माझा शाळेचा सदरा धुऊन." आन् तिचं दोन्ही हात आपल्या हातात घेतलं. घेतलं म्हंजी काय, तेबी निळं झालं! मग मागं वळून ओरडले, "वाजवा रं! वऱ्हाड आत घ्या! निळं तर निळं, आपलाच रंग हाय!"

अवो, मग जी भेटाभेटी सुरू झाली! आण्णा त्यांच्या काकाला भेटलं, काका निळा. कुशाबाई मुलीच्या मावशीला भेटली, मावशी निळी. ज्याला भेटायचं नव्हतं तोबी भेटला. त्रिशरण-पंचशील झालं, मंगल परिणय झाला, करुणानं सम्राटच्या गळ्यात हार घातला आन् हळूच आपल्या निळ्या झालेल्या बोटाकडं बघून हसली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुसलं. पुसायला नको व्हतं.

संपलं म्हणता? संपलं असतं तर मी एवढा कशाला बोललो असतो?

पुढं फोटोचा अल्बम आला. दौंडचाच फोटोवाला, त्यानं रीळ पुण्याच्या लॅबला दिलं. लॅबवाल्यानं बघितलं, फोटोत सगळीकडं निळंच निळं, त्याला वाटलं रीळ बिघडलंय. त्यानं काय केलं, त्याच्या मशीनवर निळा रंग काढून टाकला! फोटोवाला अभिमानानं सांगतो, "लई निळं आलं व्हतं, करेक्शन मारून आणलंय." मी अल्बम उघडला... आन् खाली बसलो. आमचं वऱ्हाड पांढरंशुभ्र! असं पांढरं की डोळं दिपावं! आन् हौसरावांची माणसं, जी पयल्यापासून पांढरी व्हती, त्यांच्यातलाबी निळा गेला ना... ती सगळी पिवळी! हळदुली पिवळी! आख्ख्या घराला कावीळ झाल्यागत! आन् व्याहीभेटीचा फोटो बघा तुम्ही, हौसरावांचा सदरा पिवळाधमक, आन् छातीवर फक्त माझ्या पोटाएवढा गोल पांढरा!

आमच्या आयचं काय विचारता! अल्बम काखेत मारून गावभर फिरली. राहू गावात भाचीकडं दाखवून आली. "बघा. आमचं धुणं आन् त्यांचं धुणं. पांढरं म्हंजी पांढरं!" मी म्हणलं, "आय, अगं ते मशीननं..." तर म्हणती, "तुला निळीतलं काय कळतंय?"

मग एके दिवशी हौसराव आले. चहा झाला, हात धुऊन झालं, अल्बम मागितला. चष्मा लावून एकेक पान बघितलं. व्याहीभेटीच्या फोटोपाशी लई वेळ थांबले. उठले, मागच्या दाराला गेले. तिथं आय दगडावर कपडं घासत बसली व्हती. मशीन घरात झाकून ठेवलंय, त्याच्यावर आता डबं असत्यात. ते तिच्याशेजारी उकिडवं बसले, इकडं तिकडं बघितलं, आन् हळूच, कुणाला ऐकू जाऊ नये असं विचारतात, "मावशी... ते निळीत कपडं किती वेळ ठिवायचं असतं ओ?"

आयनं वरसुद्धा बघितलं न्हाई. पिळा घालत म्हणली, "लाईट येस्तवर!"

आता तुम्हाला वाटंल, माणूस हसला असंल, सोडून दिलं असंल. हौसराव? कालच त्यांचा फोन आला मला, आवाज असा रडवेला. म्हणतात, "ज्ञानदेवराव, निळ घातलीय, सदरा टाकलाय, सकाळपासून बसलोय. पण आमच्या रेल्वेच्या क्वार्टरात लाईट जातच न्हाई हो... मग येणार कधी?"

आता सांगा. मी काय म्हणणार? म्हणलं, "पावणं, घेऊन या तो सदरा कासुर्डीला. आमच्याकडं कवाबी जाती."